गाळाला दिलेली दोन उन्हं

ऑफिसातल्या माणसाने 'लेखी शास्त्रीय पुरावा आणा, मग बघू' असं म्हटलं, की त्याचा अर्थ 'आता घरी जा, जेवा आणि झोपा' असा होतो, हे नाशकात कुणालाही कळतं. रंगनाथ देवरे सरांना कळलं नाही. त्यांनी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला होता, आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांना गृहपाठ देणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी गृहपाठ दिला की तो भारावून जातो. सरांनी खिशातून डायरी काढली, पाटबंधारे खात्याच्या टेबलावरच्या हर्षाली मॅडमचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, खाली तारीख घातली आणि विचारलं, "मुदत किती?"

हर्षाली मॅडम डबा उघडत होत्या. मुदत मागून घेणारा अर्जदार त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

"घ्या की सावकाश," त्या म्हणाल्या. "नदी कुठं पळून चाललीय?"

भानगड नदीचीच होती. पंचवटी ओलांडून थोडं पुढे, नदीकडे पाठ करून 'गोदाई अपार्टमेंट' उभी आहे. खाली तळमजला, वर तीन मजले, एकूण बारा बिऱ्हाडं. लिफ्ट नाही. ही इमारत पाडून तिथे लिफ्टवाली नवी इमारत बांधून द्यायला एक बिल्डर तयार होता. बिल्डर स्वतःहून तयार असणं ही दुर्मिळ घटना, पण त्यात पूररेषा आडवी आली. नकाशावर काढलेली ती निळी रेषा गोदाईच्या बरोबर मधून, नेमकं सांगायचं तर तळमजल्यावरच्या दीपक पगारच्या मोरीतून जात होती. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. म्हणजे दीपकच्या मोरीपलीकडचा अर्धा भाग नदीचा, असं सरकारचं म्हणणं. इमारत चाळीस वर्षं उभी आहे, हे नदीने मनाला लावून घेतलं नव्हतं आणि सरकारनेही नाही.

बाकीच्या अकरा बिऱ्हाडांना लिफ्ट हवी होती ती हौसेपोटी. सरांना हवी होती ती विमलाबाईंसाठी. सरांच्या बायको विमलाबाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि गेल्या नऊ महिन्यांत खाली उतरलेल्या नव्हत्या. गुडघे गेलेले, ऑपरेशनला शुगर आडवी. गच्चीच्या बारा पायऱ्या त्या कठड्याला धरून चढायच्या आणि उलट्या पावलांनी उतरायच्या, कारण गच्चीवर वाळवणं असायची आणि वाळवणापुढे गुडघ्यांचं काही चालत नाही. पण खालच्या चोपन्न पायऱ्या म्हणजे त्यांना दिल्ली. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची. त्याचंही त्यांना काही नव्हतं. दुःख एवढंच की मेथी हाताने निवडून घेता येत नाही, भाजीवाला देईल ती मुकाट्याने घ्यावी लागते. "कैद्यालाही असंच जेवण मिळतं," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि त्या दिवशी सरांनी त्यांना शब्द दिला होता, "तुला लिफ्टने खाली नेईन आणि मेथी तू निवडशील."

आता शब्द शिक्षकाचा. त्यात गृहपाठ सापडलेला.

सरांचं तर्कशास्त्र सरळ होतं. इमारतीच्या मागे नदीचा काठ पुरुषभर उंच कापलेला आहे आणि त्यात गाळाचे थर स्पष्ट दिसतात. सगळ्यात वरचा थर ज्या पुराने आणून टाकला, तो इथवर आलेला शेवटचा पूर. तो थर जर हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचा निघाला, तर तेवढ्या वर्षांत पाणी इथे फिरकलेलं नाही. रेषा खोटी, सर खरे, लिफ्ट पक्की. थर दोन हजार वर्षांचा आहे हे सरांना नुसतं बघूनच कळलं होतं. पाठ्यपुस्तकात पान एकेचाळीसवर हुबेहूब तसंच चित्र होतं.

प्रश्न होता वय मोजणार कोण. आणि इथे सरांच्या कुंडलीतला एक चांगला ग्रह मदतीला आला. त्यांची भाची तेजस्विनी गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत नेमकं हेच काम करायची. तिचं काम घरात कुणालाच धड कळलेलं नव्हतं. लग्नाच्या बायोडेटात तिच्या आईने 'माती परीक्षण' असं लिहून टाकलं होतं, त्यामुळे तिला फक्त द्राक्षबागायतदारांची स्थळं यायची.

"मामा, सोपं आहे," तेजस्विनीने फोनवर सांगितलं. "वाळूचा कण गाळाखाली पुरला गेला की तो अंधारात बसून आजूबाजूच्या मातीतली थोडी थोडी ऊर्जा साठवत जातो. शेकडो वर्षं, हजारो वर्षं. आम्ही तो अंधाऱ्या खोलीत बाहेर काढतो, त्याच्यावर ठरावीक प्रकाश टाकतो, आणि त्याने साठवलेलं सगळं बारीकशा उजेडाच्या रूपात बाहेर येतं. तो उजेड मोजला की कळतं, ह्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं."

"म्हणजे आपली मनमाडची वहिनी," सर म्हणाले. मनमाडला सरांचे थोरले भाऊ राहत आणि त्यांच्या बायकोजवळ एकोणीसशे ब्याण्णव सालापासून कोण काय बोललं ते सगळं अंधारात साठवलेलं होतं. एखाद्या लग्नात ते एकदम बाहेर यायचं.

"साधारण तसंच. पण एक लक्षात ठेवा. मधे जरा जरी ऊन लागलं, तरी साठवलेलं सगळं पुसलं जातं. पाटी कोरी. वय पुन्हा शून्यापासून."

"वहिनीचं तसं होत नाही," सर खिन्नपणे म्हणाले.

"आणि मामा, किती वर्षं निघणार ते आधीच ठरवून बसू नका."

"छे, छे," सर म्हणाले. 'किमान दोन हजार' असं त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळीच टाकलेलं होतं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी काम सुरू झालं. तेजस्विनीने सांगितल्याप्रमाणे सरांनी दोन इंची लोखंडी पाईपचे वीतभर लांबीचे पाच तुकडे कापून आणले होते. काठाचा चेहरा खरवडायचा, तुकडा आडवा ठोकायचा, आत माती गच्च बसली की ओढून काढायचा, तोंडांना काळं प्लास्टिक कोंबून काळी टेप गुंडाळायची. उजेडाचा कवडसा नको म्हणून सरांनी वर काळी छत्री धरली आणि छत्रीवर विमलाबाईंची काळी शाल टाकली. भर दुपारी, नदीकाठी, काळ्या शालीखाली वाकून काहीतरी ठोकत बसलेला माणूस नाशकात लोकांनी आधी पाहिला नव्हता अशातला भाग नाही. पण ते वेगळ्या कारणाने.

पंधरा मिनिटांत गर्दी जमली. स्कूटरवरून चाललेले एक गुरुजी थांबले.

"काय पुरताय?"

"पुरत नाहीये. काढतोय."

"मग तर जास्तच जपायला पाहिजे," गुरुजी गंभीर झाले. "स्वतःच्या हाताने असलं काही करू नका, यजमान. त्र्यंबकला माझा मावसभाऊ आहे. तीन दिवसांत सगळं मोकळं करून देतो."

सरांनी शालीतून डोकं बाहेर काढून त्यांना वाळूच्या कणातल्या ऊर्जेचं शास्त्र समजावून सांगितलं. गुरुजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मावसभावाचा नंबर सरांच्या शर्टाच्या खिशात घातला.

दुसऱ्या मजल्यावरच्या लताबाई गॅलरीतून देखरेख करत होत्या. "सर, डावीकडं ठोका, तिकडं मऊ आहे!" त्या दर दोन मिनिटांनी ओरडत. लताबाईंचा मातीशी संबंध तुळशीच्या कुंडीपुरता, पण गॅलरीत उभं राहिलं की माणसाला खालचं सगळं स्वच्छ दिसतं. तळमजल्यावरचा दीपक पगार ठिबक सिंचनाचे पाईप विकायचा, त्यामुळे पाईप ह्या विषयावर शेवटचा शब्द आपला, असं त्याचं मत होतं. चौथा तुकडा मातीत घुसला तो बाहेर यायला तयार होईना, तेव्हा दीपकने त्याला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या मोटरसायकलला.

"सर, फक्त बाजूला व्हा. लय सोपं हाय."

पाईप आला. पाईपाबरोबर काठाचा हातगाडीभर भाग आला आणि त्या भागाबरोबर सर आले. ते थेट खाली, ओल्या चिखलात, छत्रीसकट बसले. पण त्या अवस्थेतही त्यांनी तो पाईप शालीत गुंडाळून पोटाशी धरला होता. लताबाईंनी वरून काढलेला फोटो सर अंगावरचा चिखल धुवायच्या आत ग्रुपवर आला होता. खाली लिहिलं होतं, 'सरांचे कार्य प्रगतिपथावर.' सव्वीस अंगठे. गोदाईत बारा बिऱ्हाडं आहेत. उरलेले अंगठे कुणाचे, ह्याचा सर आजही शोध घेत आहेत.

पाचही नळ्यांवर सरांनी लाल शाईने 'उघडू नये. अत्यंत महत्त्वाचे' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते एका कुरियरच्या ऑफिसात गेले.

"आत काय आहे?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"माती."

"माती? तिकडं माती नाही का?"

"आहे. पण ही इथली आहे."

बाईंनी नळ्यांकडे बघितलं. दोन्ही तोंडं बंद, काळी टेप, लाल अक्षरं. मग सरांकडे बघितलं. मग 'एक मिनिट हं काका' म्हणून त्या गोड हसल्या आणि आत गेल्या. दहा मिनिटांनी एक हवालदार आले.

"उघडा."

"उघडता येणार नाही."

"का?"

"उजेड लागेल."

ह्या उत्तरानंतर ज्या काही शंका उरल्या असतील त्याही फिटल्या. भूगोलाचे निवृत्त शिक्षक रंगनाथ देवरे हे दुपारी एक ते चार चौकीतल्या बाकावर बसले. समोर वाळूच्या तीन बादल्या रचल्या होत्या आणि बादल्यांपलीकडे त्यांच्या नळ्या. शेजारी मोबाईल चोरीतला एक इसम होता. त्याने सरांना आपुलकीने विचारलं, "पहिल्यांदाच का, काका?" बासष्ट वर्षांच्या स्वच्छ आयुष्याला एवढा मोठा हादरा त्याआधी बसला नव्हता. सर नुसते 'हो' म्हणाले.

चार वाजता फौजदार आले. किशोर गांगुर्डे, दहावी ब, शेवटून दुसरा बाक.

"सर! तुम्ही?"

सरांना हायसं वाटलं. ते फार काळ टिकलं नाही.

"भूगोलात तुम्ही मला पस्तीसला दोन कमी दिले होते, सर," किशोर खुर्चीत बसत म्हणाला. "दोनच. सांगा बरं आता, काय आहे ह्याच्यात? सविस्तर. आकृतीसह."

सरांनी सविस्तर सांगितलं. आकृतीही काढली. हवालदारांनी मधेच एक नळी उचलून टेपचं टोक नखाने खरवडायला सुरुवात केली तेव्हा सर किंचाळले, "अहो, दोन हजार वर्षं अंधारात आहे ती!" हवालदारांच्या हातातून नळी पडली आणि अख्खी चौकी बाकांखाली गेली. त्यात मोबाईलचोर सर्वांत आधी होता. शेवटी किशोरने पंचनाम्यात 'लोखंडी नळ्या, नग पाच, आत माती असल्याचे अर्जदार सांगतात' असं लिहिलं आणि नळ्या परत दिल्या, पण एका अटीवर. ह्या वस्तू कुरियरने जायच्या नाहीत. प्रयोगशाळेचं पत्र घेऊन तिथलाच माणूस येईल आणि नेईल.

"आकृती सुबक आहे, सर," निरोप देताना तो म्हणाला. "पण नावं दिलेली नाहीत. अर्धा मार्क कापावा लागेल."

प्रयोगशाळेचा माणूस दहा दिवसांनी येणार होता. नळ्या ट्रंकेत गेल्या आणि ट्रंक पलंगाखाली गेली. सरांनी हे शास्त्र आतापर्यंत हर्षाली मॅडमना सांगितलं होतं, गुरुजींना सांगितलं होतं, कुरियरवाल्या बाईंना, हवालदारांना, किशोरला, एका मोबाईलचोराला. विमलाबाईंना तेवढं सांगितलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात शास्त्र बायकोला समजावून सांगायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. ते फक्त म्हणाले, "हात लावू नकोस." आणि हे वाक्य विमलाबाईंनी आजवर रेडिओ, इस्त्री, विम्याची फाईल आणि सरांचा दाढीचा डबा अशा इतक्या वस्तूंबद्दल ऐकलं होतं, की त्याचा त्यांच्यापुरता अर्थ 'हीसुद्धा तूच सांभाळ' असा ठरून गेला होता.

मधे दोन दिवस सर मनमाडला पुतण्याच्या मुलाच्या बारशाला जाऊन आले. वहिनींनी तिथे सन दोन हजार सातपर्यंतचं साठवलेलं बाहेर काढलं. परत येऊन पाहिलं तर नळ्या जागच्या जागी होत्या. टेप तर आधीपेक्षाही टापटीप वाटली. आठवड्याने प्रयोगशाळेचा माणूस आला, पाचही नळ्या सही करून घेऊन गेला. सरांनी त्याच्याबरोबर एक चिठ्ठी दिली. अहवाल आपल्याला न पाठवता थेट हर्षाली मॅडमच्या ऑफिसला ईमेल करावा आणि एक प्रत बंद लिफाफ्यात सोसायटीच्या पत्त्यावर. 'मध्ये माझा हात लागला असा संशय नको.' प्रामाणिकपणा हा असा कधी कधी माणसाच्या अंगावर येतो.

अहवाल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. सरांनी पार्किंगमध्ये सभा बोलावली. पेढे आधीच आणलेले. विमलाबाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. सरांनी चष्मा पुसला आणि इंग्रजी अहवालाचं मराठीत भाषांतर करत मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"नळी क्रमांक एक. वय, शून्य वर्षं."

पेढ्यांच्या खोक्याकडे गेलेले दोन हात थांबले.

"नळी क्रमांक दोन. शून्य." सरांचा आवाज बदलला. "तीन, शून्य. चार..." ते थांबले. "पाच पण शून्यच आहे."

"शून्य हजार का?" लताबाईंनी मदत केली.

"नुसतंच शून्य. म्हणजे हा गाळ..." सरांनी चष्मा पुन्हा पुसला. पण एकतीस वर्षांची सवय; धड्याचा निष्कर्ष सांगितल्याशिवाय तास सुटत नाही. "म्हणजे हा गाळ इथे ह्याच उन्हाळ्यात आला."

दीपक पगारच्या हातातला पेढा खाली पडला. त्याने आधी वळून आपल्या घराच्या दाराकडे बघितलं, मग नदीकडे. जूनमध्ये नदी खाली कुठेतरी चार डबक्यांत बसली होती. "सर, म्हणजे माझ्या घरातून पूर गेला आणि मला कळलंच नाय?"

पुढे तपशील होता. गाळाचे कण आश्चर्यकारकरीत्या एकसारखे असून त्यात एकही खडा नाही. यावरून प्रवाह जोरदार पण अत्यंत शिस्तीचा असावा. प्रत्येक नळीत कडुलिंबाचा ताजा पाला आढळला. यावरून पुराने काठची झाडं उपटून आणलेली दिसतात. तिसऱ्या नळीत एक पांढरा, ठिसूळ, वळणावळणाचा पदार्थ सापडला असून त्याचं मूळ अज्ञात आहे. तो पुढील अभ्यासासाठी जपून ठेवला आहे.

सरांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग अहवालाची घडी घातली आणि चोपन्न पायऱ्या चढून ते वर आले.

"विमल," ते दारातूनच म्हणाले. "त्या नळ्या..."

"हो, सांगायचंच राहिलं," विमलाबाई गॅलरीतून आत येत म्हणाल्या. "किती ओली होती हो माती! वास यायला लागला होता. तुम्ही मनमाडला गेलात आणि मी म्हटलं, एवढी महत्त्वाची वस्तू, बंद डब्यात बुरशी धरेल. जुन्या धोतरावर पसरली गच्चीत, कुरडयांच्या शेजारी. दोन कडक उन्हं दाखवली. खडे निवडले, मैद्याच्या चाळणीने चाळली, आणि वर्षभर किडा लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून भरली. पाचही नळ्या होत्या तशा बांधल्या. कुणाला कळणारसुद्धा नाही."

सर पलंगावर बसले. हवालदाराच्या नखापासून वाचवलेली, मोटरसायकलपासून वाचवलेली, चिखलात पडतानाही पोटाशी धरलेली ती माती त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर दोन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मे महिन्याच्या उन्हात पडली होती. वर तिला अधूनमधून परतलंही असणार.

"परतलीस?"

"म्हणजे काय! एका बाजूने कशी वाळेल?"

रागवावं तर कशाबद्दल रागवावं हेच सरांना ठरवता येईना. लिफ्ट सगळ्यात जास्त हिला हवी होती. त्यांनी तिला पाटी कोरी होण्याचं शास्त्र सांगितलं, चौतीस वर्षांत पहिल्यांदा आणि महिनाभर उशिरा. विमलाबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मग वर 'ऊन दाखवू नये' असं लिहायचं होतं ना," त्या शेवटी हळूच म्हणाल्या. "'उघडू नये' काय, लोणच्याच्या बरणीवरही लिहिता तुम्ही."

सर तसेच खाली उतरले आणि पार्किंगमधल्या सभेला त्यांनी सगळं खरं खरं सांगून टाकलं. इथे त्यांना आयुष्यातला पुढचा धक्का बसला. कुणाचाही विश्वास बसला नाही.

"शोभत नाही हो, सर," लताबाई म्हणाल्या. "स्वतःचं शास्त्र फसलं तर त्या बिचारीवर ढकलता? नऊ महिने घराबाहेर पडली नाही ती माउली!"

"खरंय हो लताबाई, मीच वाळवली!" विमलाबाई वरून ओरडल्या.

"बघा," लताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अजूनही नवऱ्याला झाकते."

तेजस्विनीचा फोन आला तो त्याच संध्याकाळी. ती महिनाभर कच्छमध्ये होती, मोजमाप दुसऱ्याच कुणी केलेलं. "मामा, तो पांढरा पदार्थ कुरडई आहे का हो?" एवढंच तिने विचारलं आणि उत्तर ऐकताच ती दुरुस्तीचं पत्र लिहायला बसली. पण ते पत्र पोचेपर्यंत अहवालाने आपलं काम केलं होतं. ज्या ऑफिसातून सरांच्या चौदा अर्जांना एकदाही उत्तर आलं नव्हतं, तिथून चौथ्या दिवशी पत्र आलं. 'आपण स्वतः सादर केलेल्या शास्त्रीय पुराव्यान्वये सदर इमारत चालू पूरपात्रात असल्याचे निदर्शनास आले आहे. तळमजल्यावरील रहिवाशांनी पावसाळ्यात विशेष दक्षता घ्यावी.' खाली हर्षाली मॅडमच्या हातचं एक वाक्य पेनाने लिहिलेलं होतं, 'पुराव्याबद्दल आभार.'

पत्र वाचून दीपक पगार संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर आला. दमला होता. सोफ्याखाली विटा लावून आला होता.

"सर, नाय म्हणू नका. तुम्ही खाली या, मी वर येतो. सारख्याच खोल्या हायेत. माझा सगळा माल घरात पडलाय, आणि आईला पोहता येत नाय."

"दीपक, नीट ऐक. पूर आलेला नाही. ती माती हिने गच्चीवर वाळवली."

"सर, तुम्ही देवमाणूस. माझ्या जिवाला घोर नको म्हणून बोलता."

"अरे, चाळणी दाखवू का? चाळणीत अजून माती आहे!"

"कशाला काकूंना मधे घेता, सर?" दीपक कळवळून म्हणाला. "शिक्का मारलेला कागद हाय ना. शिक्का काय खोटं बोलतो?"

सर तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, खरं सांगायचं तुमचं काम तुम्ही दोनदा केलंत," त्या म्हणाल्या. "शाळेतही एक धडा तुम्ही दोनदाच समजावायचात. दीपक, प्लास्टिकची खुर्ची आहे का रे तुझ्याकडं? हाताची?"

रविवारी चौघांनी खुर्ची उचलली. पहिल्या वळणावर सोफा वर येत होता आणि विमलाबाई खाली जात होत्या. आधी कोण, ह्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावर लताबाईंनी खुर्ची थांबवून ओवाळलं. खाली टेकल्यावर विमलाबाईंनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय पार्किंगच्या फरशीवर ठेवून त्या थोडा वेळ नुसत्याच बसून राहिल्या. फरशी तापलेली होती. मग त्या म्हणाल्या, "झाडतं की नाही कुणी इथं?"

त्याच आठवड्यात तेजस्विनी स्वतः आली. तिने मामांना काठाच्या जवळपासही येऊ दिलं नाही. अर्ध्या तासात तिने त्याच थरातून नवी नळी काढली, बॅगेत टाकली, किशोर गांगुर्डेला पत्र दाखवलं आणि रात्रीच्या जेवणालाही न थांबता निघून गेली. मामीने डब्यात कुरडया दिल्या. त्या तेवढ्या तिने मोकळ्या मनाने घेतल्या.

खरा निकाल आला तो ऑगस्टच्या सुरुवातीला, एका भुरभुरत्या सकाळी, आणि ह्या वेळी फक्त सरांना. तो वाचून सर उठून उभे राहिले. घरात हाक मारली, उत्तर नाही. शेजारी विचारलं. काकू काठी घेऊन भाजीबाजारात गेल्यात, तास झाला. सर छत्री न घेता निघाले आणि पंचवटीच्या बाजारात त्यांनी विमलाबाईंना गाठलं ते एका मेथीच्या ढिगासमोर.

"पंचावन्न वर्षं!" सर धापा टाकत म्हणाले.

"कुणाला?"

"गाळाला! पंचावन्न, अधिक-उणे सात! दोन हजार नाही गं. मी तेव्हा सात वर्षांचा असेन. म्हणजे आपल्या हयातीत पाणी तिथवर आलं होतं. आपण झोपतो त्या खोलीच्या खिडकीपर्यंत! त्यांची रेषा बरोबर होती, विमल. दीपकच बरोबर होता, चुकीच्या कारणाने का होईना. इमारत नवी होणार नाही, लिफ्ट होणार नाही, कधीच नाही. आणि त्याला वर पाठवून आपण खाली येऊन बसलोय!"

विमलाबाईंनी हातातली जुडी उलटी केली, मुळं पाहिली आणि परत ढिगावर ठेवली.

"आणि ते अधिक-उणे सात म्हणजे?"

"तेवढी चूक असू शकते. इकडे किंवा तिकडे."

"म्हणजे एवढ्या मोठ्या मशीनला सात वर्षांचा पत्ता नाही," विमलाबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मला पाणी येणार म्हणून सांगायला भर बाजारात पळत आलात." मग भाजीवालीकडे वळून, "ही नको, भागीबाई. ती आतली दाखव, गोणपाटाखालची. मला माहितीये तू तिथं ठेवतेस."

भागीबाईने हसत गोणपाट उचललं. खालची मेथी हिरवीगार होती. विमलाबाईंनी एकेक करत चार जुड्या काढल्या, प्रत्येकीचं पान चुरगाळून वास घेतला, दोन परत केल्या आणि उरलेल्या पिशवीत घातल्या.

"धरा ही पिशवी," त्या म्हणाल्या. "आणि चला पुढं. गवार बघायचीय अजून."

सरांनी पिशवी धरली. नऊ महिन्यांची भाजी एका दिवसात घेतल्यासारखी ती जड होती.